पान पिवळे, कारण वेगळे

संत्र्याचे झाड फळावर येण्यास साधारणतः पाच वर्षे लागतात. तोवर बागेवर केवळ खर्चच होत असतो. म्हणूनच वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील बागायतदाराला भरल्या झाडाची पाने पिवळी पडताना दिसली, की तो व्याकूळ होतो. मग खत आणि फवारणीवर पैसा ओतला जातो. निदान मात्र राहून जाते. वास्तविक, प्रत्येक पिवळेपणाची खूण निराळी असते.

पानाच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा, दोन्ही अर्धांवरील नक्षी सारखी आणि नवी पाने लहान असतील, तर जस्ताची कमतरता संभवते. याउलट, शिराच पिवळ्या पडून पाने गळू लागली, तर खोडाकडे आणि मुळांकडे वळावे. बुंध्यातून डिंक ओघळत असेल किंवा तंतुमुळांची साल बोटांनी ओढताच निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर तो फायटोप्थोरा बुरशीचा प्रताप होय. येथे पाण्याचा निचरा आणि खोडाला बोर्डो मलम हेच खरे उपाय. नुसत्या खताने मुळे सुधारत नाहीत.

सर्वांत फसवा रोग म्हणजे ग्रीनिंग. त्यात पानाच्या दोन अर्धांवरील पिवळे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. फळ वाकडे वाढते, खालच्या टोकाला हिरवे राहते. सिट्रस सायला ही कीड आणि रोगट डोळे बांधलेली कलमे यांमार्फत हा जिवाणू पसरतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तो 2005 मध्ये आढळला. त्यानंतर हा रोग व चक्रीवादळे यांच्या माऱ्याने तेथील संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. लागण झालेले झाड बरे करणारा खात्रीचा उपाय आजही नाही. कीडनियंत्रण, रोगमुक्त कलमे आणि बाधित झाडे काढून टाकणे एवढेच हाती उरते.

ग्रीनिंग आणि जस्ताची कमतरता एकाच झाडावर नांदू शकतात. तेथे अनुभवी नजरही चुकते. अशा वेळी पीसीआर चाचणीच निर्णायक ठरते. त्यासाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे मार्गदर्शन घेता येते. धडधाकट झाड उपटणे आणि रोगट झाड राखणे, दोन्ही चुका महागात पडतात. कर्जाचा हप्ता बागेच्या उत्पन्नातूनच फेडायचा असल्याने, औषधापूर्वी निदान हीच बागायतदाराची पहिली बचत ठरते.