पेशी ध्रुवीयता

पेशी ध्रुवीयता म्हणजे एकाच पेशीच्या निरनिराळ्या बाजूंमध्ये रचना व कार्य यांबाबत आढळणारा भेद होय. आतड्याच्या अस्तरातील पेशी पचलेले अन्नघटक एका बाजूने शोषून घेते व दुसऱ्या बाजूने रक्ताकडे सोपविते. पेशीच्या आत भिंत नसतानाही हा भेद टिकून राहतो. पेशीपटलाच्या लगत आतील बाजूस ॲक्टिन तंतूंचा पातळ थर असतो. त्यास बाह्यक म्हणतात. तेथे होणाऱ्या प्रथिनांच्या मांडणीवर ध्रुवीयता अवलंबून असते.

शोध

१९८८ मध्ये केनेथ केम्फ्यूज, जेम्स प्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीत 'पार' जनुके शोधली. या कृमीच्या फलित अंड्याचे पहिले विभाजन विषम असते : पुढील पेशी मोठी, मागील लहान. काही पार जनुकांत बिघाड झाल्यास दोन्ही पेशी जवळजवळ सारख्या निपजतात.

यंत्रणा

प्रारंभी पार-३, पार-६ व पीकेसी-३ ही प्रथिने संपूर्ण बाह्यकावर पसरलेली असतात. शुक्रपेशीबरोबर आलेला तारककाय ज्या टोकाजवळ असतो, तेथील बाह्यकाचे आकुंचन मंदावते. परिणामी ॲक्टिन-मायोसिनचे जाळे विरुद्ध टोकाकडे सरकते व ही प्रथिने आपल्याबरोबर वाहून नेते. मोकळ्या झालेल्या मागील भागात पार-१ व पार-२ स्थिरावतात.

यानंतर सीमा टिकते ती परस्परविरोधामुळे. पीकेसी-३ हे विकर पार-१ व पार-२ यांना फॉस्फेट गट जोडून पुढील बाह्यकावरून दूर ठेवते. त्याच रीतीने पार-१ हे पार-३ ला मागील भागात स्थिरावू देत नाही.

अन्य प्राण्यांतील आढळ

माश्या, मासे व मानव यांच्या पेशींतही या प्रथिनांचे समजात आढळतात. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील महेंद्र सोनावणे यांच्या गटाने २०१६ मध्ये झेब्रामाशाच्या त्वचेवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्वचेच्या सर्वांत बाहेरील पेशींवर ॲक्टिनच्या सूक्ष्म कडा असतात व त्या श्लेष्म धरून ठेवण्यास मदत करतात. एपीकेसी (पीकेसी-३ चे समजात) हे एलजीएल या प्रथिनाला पेशीच्या वरच्या पृष्ठभागापासून दूर ठेवते. एपीकेसीच्या अभावी एलजीएल तेथे वाढते आणि कडा प्रमाणाबाहेर लांबतात.

महत्त्व

फळमाशीत एलजीएलचे जनुक निकामी झाल्यास अळीच्या ऊतींत अर्बुदे वाढतात. अस्तरपेशींपासून उद्भवणाऱ्या अनेक कर्करोगांत ध्रुवीयता नष्ट झालेली दिसते. पेशीला आपली वरची व खालची बाजू ओळखता येणे हा ऊतीच्या शिस्तीचा पाया आहे.