मेमरी कार्डातील विद्युद्दाब-पालट आणि ड्रायव्हरची प्रतीक्षा

गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील सौंदड हे गाव झाडीबोलीच्या प्रदेशात येते. अशा गावी बोलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकाची सारी सामग्री आज नखाएवढ्या मेमरी कार्डात मावते. ध्वनिमुद्रकात बिनतक्रार चाललेले कार्ड संगणकाने ओळखले नाही, की ते निकामी झाले असे समजून टाकून देण्याकडे प्रवृत्ती होते. वस्तुतः काही वेळा दोष कार्डाचा नसून कंट्रोलर चालविणाऱ्या ड्रायव्हरच्या उतावळेपणाचा असतो.

यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाचे संकेत आरंभी ३.३ व्होल्टवर चालतात. उभयपक्षी संमती असल्यास कंट्रोलर अकरावी आज्ञा देतो. कार्ड उत्तर देऊन आपल्या वाहिन्या खाली ओढते. क्लॉक थांबते व संकेतांचा दाब १.८ व्होल्टवर आणला जातो. निदान ५ मिलिसेकंदांनी क्लॉक पुन्हा सुरू होते. त्यानंतर १ मिलिसेकंदाच्या आत कार्डाने वाहिन्या वर नेल्या, तर पालट सफल झाला.

अडचण 'निदान' या शब्दात आहे. ती किमान मर्यादा होय. तिला पुरेशी मानणे ही चूक. साधा रेग्युलेटर दाब चढवितो, परंतु उतरविताना कपॅसिटरमधील विद्युद्भार स्वतः खेचून घेत नाही. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ मिलिअँपिअर प्रवाहाने रिता होत असेल, तर १.५ व्होल्ट उतरण्यास १५ मिलिसेकंद लागतात. लिनक्समध्ये सावधगिरीने क्लॉक १० मिलिसेकंद बंद ठेवतात. येथे तेही अपुरे पडेल. मराठीत 'बदलायला सांगितले' आणि 'बदलून झाले' यांत जो भेद सहज केला जातो, तो असा ड्रायव्हर विसरतो.

सरसकट सर्वच यंत्रांवर प्रतीक्षा वाढविणे हा आळशी उपाय. रेग्युलेटरचा उतरण्याचा वेग ड्रायव्हरला कळवावा, आणि दाब स्थिरावल्याची खूण ठराविक मुदतीपर्यंत पुनःपुन्हा तपासून मगच क्लॉक सुरू करावे. मुदत टळल्यास नुसते मागे फिरता येत नाही, कारण एकदा पालटलेले कार्ड वीज तोडल्यावाचून ३.३ व्होल्टच्या संकेतांवर परतत नाही. यासाठी कार्डाचा मूळ पुरवठा १ मिलिसेकंद तरी ०.५ व्होल्टच्या खाली नेऊन सर्व क्रम आरंभापासून करावा, व या खेपेस पालटाची मागणीच करू नये. कमाल वेग सेकंदाला १०४ मेगाबाइटांवरून २५ वर येतो. मुद्रणे उतरवून घेण्यास तेवढा पुरतो.