घरही मालकाचं, पगारही मालकाचा

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे आम्हा अमेरिकेतल्या नोकरदारांचा ‘लेबर डे’. लाँग वीकेंड, सेल आणि बार्बेक्यू! पण या सुट्टीच्या इतिहासात शिकागोच्या दक्षिणेकडच्या एका टुमदार गावाचा राग दडलेला आहे.

गावाचं नाव पुलमन. रेल्वेचे आलिशान स्लीपर डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० मध्ये ते आपल्या कामगारांसाठी वसवायला घेतलं. विटांची पक्की घरं, नळाचं पाणी, बागा, वाचनालय, नाट्यगृह. हॉटेलला तर लेकीचं, फ्लॉरेन्सचं नाव दिलं.

मग लोक चिडले कशावर? घर कधीच आपलं होत नसे. भाडं आसपासच्या वस्त्यांपेक्षा जास्त. वाचनालयाला वर्गणी, चर्चलाही भाडं. तक्रार केली तर नोकरीबरोबर छप्परही जायची भीती. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

१८९३ च्या मंदीत मजुरी सरासरी पाव हिश्श्याने कापली गेली. भाडं मात्र जैसे थे. भागधारकांचा लाभांशही चालूच. मे १८९४ मध्ये कामगारांनी संप केला. युजीन डेब्स यांच्या रेल्वे युनियनने पुलमन डब्यांवर बहिष्कार टाकला आणि देशातली रेल्वे कोलमडली. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जूनला लेबर डेच्या कायद्यावर सही केली आणि काही दिवसांतच शिकागोत लष्कर पाठवलं. संप मोडला, राग नाही.

१८९७ मध्ये पुलमन वारले, तेव्हा कामगार मृतदेहाची विटंबना करतील या धास्तीने त्यांची शवपेटी काँक्रीट आणि पोलादी रुळांखाली पुरली गेली. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ही घरं विकण्याचा आदेश दिला.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. पगार, मुलांचा हेल्थ इन्शुरन्स आणि इथलं राहणं, तिन्ही एकाच कंपनीच्या हाती. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. ऑफिसात कॉफी, जिम सगळं फुकट आहे. नाव ठेवायला जागा नाही. तरीही मीटिंगमध्ये ‘हे चूक आहे’ म्हणताना जीभ अडखळते. पुलमनकरांना सुंदर घरात राहूनही काय सलत होतं, ते मला चांगलं कळतं.

आज ते गाव राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलं आहे. शिकागोत आलात, तर जरूर बघा.