दोन हातांत मावणारी चिंगी

खांद्यांमागून दोन्ही पंजे घातले की आमच्या चिंगीची छाती हातात पुरी मावते. नॉर्थम्बरलँडला राहायला आलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने तिला असंच धरून उचललं. मला वाटलं, लाड करतोय. तो बघत होता, ही कोल्ह्याच्या बिळात शिरेल का!

चिंगी बॉर्डर टेरियर आहे. ही इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट डोंगरांतली कुत्र्यांची जात. कोल्हे कोकरं पळवायचे. शिकाऱ्यांच्या घोड्यांमागे पळू शकेल आणि बिळात घुसून कोल्ह्याला बाहेर हुसकेल, असं कुत्रं हवं होतं. म्हणून पाय लांब, अंग अरुंद, कातडी जाड आणि सैल. वजन पाच-सात किलो, डोकं पाणमांजरासारखं. केनेल क्लबने १९२० साली मान्यता दिली. इंग्लंडमध्ये कुत्री सोडून कोल्हे मारायला २००५ पासून बंदी आहे, पण चिंगीला ते कोण सांगणार? माझे गुलाब ती मुळापासून खणते.

अंगावर आत मऊ लोकर, वर राठ केस. पहिल्या वर्षी मी हौसेने मशीन मारून आणलं. पुढचे केस मऊ, फिके आले आणि साध्या पावसातही ती चिंब व्हायला लागली. आता वर्षातून दोनदा अंगणात वर्तमानपत्र पसरते. चिमटीत चार-पाच केस धरायचे, केसांच्या दिशेने हलकेच ओढायचे. पिकलेला केस आपसूक सुटतो, कच्चा सुटत नाही. चिंगी अर्ध्यातच पेंगायला लागते, माझी बोटं मात्र दोन दिवस दुखतात.

आई साताऱ्याहून आली त्या उन्हाळ्यात चिंगीचे पाय अचानक आखडायला लागले. शुद्ध असायची, डोळे आमच्याकडे, पण उभं राहता येईना. मी फिट समजून घाबरले. डॉक्टरांनी सांगितलं, या जातीत असा त्रास आढळतो आणि पुष्कळदा तो गव्हातल्या ग्लुटेनमुळे होतो. रक्त तपासलं, तसंच निघालं. आई ओशाळून म्हणाली, "अगं, रोज एक चपाती देत होते मी तिला. काय बघायची गं ती माझ्याकडे!"

तिच्या खाण्यातला गहू पूर्ण बंद केला. चौदा महिने झाले, एकदाही आखडली नाही. आता आमच्याकडे ज्वारीची भाकरी होते, आणि पहिला तुकडा चिंगीचा.