पडदा कशाला धरून राहतो?

पडद्याविषयी बोलणार आहे असं सांगितलं, की माझं नाव ऐकून लोकांच्या मनात भलताच विषय येतो. तो आजचा विषय नाही. मी बोलणार आहे ते खिडकीवरच्या कापडी पडद्याविषयी, आणि तो ज्या भिंतीवर टांगायचा त्या भिंतीविषयी. कवी माणसानं ड्रिल मशीनवर काय बोलावं, असं कुणी म्हणेल. पण खिडक्या कवीच्या घरालाही असतात. समोरच्या इमारतीतून आपल्या ताटातली भाजी दिसू लागली, की पडद्याची गरज माझ्यासारख्या साध्या बी.ए.लाही चटकन समजते.

जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. भिंत मातीची किंवा विटांची आणि खिडकीला लाकडाची जाड चौकट. चौकटीला दोन खिळे ठोकायचे, तार ओढायची आणि तारेत जुन्या साडीचा पडदा ओवायचा. खुंट्या आणि कोनाडे तर भिंत बांधतानाच ठेवलेले असत. आताच्या फ्लॅटमध्ये खिडकी ॲल्युमिनियमची असते, खिळा ठोकायला लाकूड उरलेलं नाही. उरते ती भिंत, आणि तिच्यावर हातोडी चालवली तर खिळा वाकतो, गिलाव्याचा पोपडा निघतो आणि घरात भांडण होतं.

पहिली गोष्ट ही, की भिंत म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. वर रंग, त्याखाली पुट्टी किंवा पीओपी, त्याखाली साधारण १२ ते १५ मिलिमीटर गिलावा, आणि त्याच्या आत खरी भिंत. ही खरी भिंत कधी विटांची, कधी हलक्या ब्लॉकची, कधी काँक्रीटची असते. विटांच्या घरातसुद्धा खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटच असतं. वरच्या विटांचा भार पेलण्यासाठी तिथे लिंटल किंवा बीम घातलेला असतो, आणि तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ इंच भिंतीत शिरलेला असतो. नेमकी तीच आपली दांडा लावायची जागा. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या पुष्कळ नव्या इमारतींत तर मायवान पद्धतीनं ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात. तिथे साधा फोटो टांगायचा म्हटलं तरी मशीन आणावं लागतं.

काँक्रीट इतकं कठीण का? सिमेंट, वाळू, पाणी आणि खडी यांचं ते मिश्रण. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ही खडी असते काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची. ज्या दगडात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली, त्याच जातीचा हा दगड. ड्रिलचं पातं सिमेंटमधून सरसर जातं आणि मध्येच अडून किंचाळू लागतं, तेव्हा बहुधा ते अशा खड्यावर टेकलेलं असतं. नुसतं फिरणारं पातं तिथे तापून निळं पडतं आणि त्याची धार जाते. दगड आधी ठोक्यानं चुरावा लागतो, मग फिरवून तो चुरा बाहेर काढावा लागतो. म्हणून पातं टोकाला टंगस्टन कार्बाइड बसवलेलं हवं आणि मशीन ठोके देणारं हवं. घरगुती इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके देतात. कारागिराच्या रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबानं दट्ट्या आपटतो. तो ठोका जबरदस्त असतो, म्हणून त्यावर अंगाचा भार टाकावा लागत नाही. मायवानच्या भिंतीसाठी हॅमरवालाच बोलवावा, हे बरं.

पण भोक म्हणजे काम झालं असं नाही. भोकात स्क्रू थेट बसत नाही. मध्ये लागते ती प्लॅस्टिकची छोटी नळी. तिला कुणी गिट्टी म्हणतं, कुणी रावल प्लग, कुणी फिशर. या नावांमागे दोन माणसं आहेत. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन रॉलिंग्ज यांना ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं साहित्य बसवायचं होतं, आणि भिंतींची नासाडी होऊ द्यायची नव्हती. त्यांनी तागाच्या धाग्यांचा प्लग तयार केला. पुढे १९५८ साली जर्मनीतल्या आर्टूर फिशर यांनी नायलॉनचा, फुगून पकड घेणारा प्लग काढला. तत्त्व दोन्हींचं एकच. स्क्रू आत शिरला की प्लग फुगतो, भोकाच्या कडांवर दाब देतो आणि त्या दाबाच्या घर्षणानं अडकून बसतो. थोडक्यात, आपला पडदा त्या बोटाच्या पेराएवढ्या नळीच्या पकडीवर टांगलेला असतो.

ही पकड खोटी असली तर काय होतं, ते आमच्या इमारतीत दिसलं. एका घरात जड पडद्यांचा आठ फुटी दांडा एका संध्याकाळी ब्रॅकेटसकट निखळला आणि पाळण्याच्या कडेवर आदळला. बाळ त्या वेळी आजीच्या मांडीवर होतं, एवढंच नशीब. खाली पडलेला स्क्रू उचलून पाहिला, तर त्याला अर्धी कापलेली गिट्टी आणि गिलाव्याचा ढेकूळ चिकटलेला. गोष्ट उघड होती. पातं खड्यावर अडलं, भोक पुरेसं खोल गेलं नाही, म्हणून लावणाऱ्यानं गिट्टी कापून बसवली आणि वरून स्क्रू आवळला. बाहेरून सगळं घट्ट दिसत होतं. भिंत कठीण होती म्हणून तो दांडा पडला नाही. तो कठीण भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून पडला.

तेव्हा हिशेब करून घ्यावा. गिलावा १५ मिलिमीटर, गिट्टी ३५ मिलिमीटर, आणि तळाशी धुळीसाठी थोडी जागा. म्हणजे भोक साधारण ६० मिलिमीटर खोल हवं. पात्यावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खूण झाली. गिट्टी ६ मिलिमीटरची तर पातंही ६चंच. गिट्टी गिलाव्याच्या पलीकडे काँक्रीटमध्ये ढकलावी, आणि स्क्रू दोन इंची घ्यावा, म्हणजे तो तिच्या टोकापर्यंत पोचतो. त्याआधी भोकातली धूळ काढायला विसरू नये, धुळीत गिट्टी घसरते. भोक मोठं झालं तर आगपेटीच्या काड्या कोंबू नयेत. त्या वाळतात, चुरतात आणि पकड जाते. त्याऐवजी पुढच्या मापाची गिट्टी घ्यावी.

धुळीचा रंगही पाहावा. लाल आली तर आत वीट आहे, राखाडी आणि सावकाश आली तर काँक्रीट, पांढुरकी आणि भराभर आली तर हलका ब्लॉक. ब्लॉकला लांब आणि त्याच्यासाठीचीच गिट्टी लागते. आवाज एकदम कर्कश झाला आणि धूळ यायची थांबली, तर पातं सळईला लागलं असावं. सळई कापू नये, इंच-दीड इंच बाजूला सरकावं आणि आधीचं भोक सिमेंटनं बुजवावं.

वजनाचाही हिशेब आहे. ब्रॅकेट भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे आलेलं आणि त्याचे दोन स्क्रू एकाखाली एक, ५ सेंटिमीटर अंतरावर आहेत असं धरा. टोकाला ३ किलो भार आला तर वरच्या स्क्रूवर सुमारे ६ किलोची ओढ येते. पंधरा किलोचं पोर पडद्याला लोंबकळलं तर ती ओढ ३० किलोंवर जाते. म्हणून लांब दांड्याला मध्ये तिसरं ब्रॅकेट द्यावं. ब्लाइंड्स लावणार असाल तर त्यांच्या दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकतो. दोरी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर बांधावी आणि पलंग खिडकीखाली ठेवू नये.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, आतून वायर गेलेली असते. त्या खोलीचा एमसीबी बंद करून दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्यावं. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवा, कारण काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात साचते. आपण बोलावलेल्या कारागिरालाही तो द्यावा. त्याला ही धूळ रोजची आहे. आणि शिडी घ्यावी, पलंगावर खुर्ची नको.

भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल, तर खिडकीच्या आतल्या दोन बाजूंमध्ये ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो. हलक्या पडद्याला तो पुरतो. चिकटवायचे हूकही असतात, पण त्यांची पकड रंगाच्या पापुद्र्याएवढीच असते. रंग सुटला की हूक सुटला.

काम झाल्यावर पडदा लावण्याआधी एक करावं. रिकामा दांडा दोन्ही हातांनी धरून खाली ओढून पाहावा. ब्रॅकेट हललं किंवा गिलाव्यात बारीक चीर दिसली, तर कारागीर जिन्यात पोचायच्या आत त्याला परत बोलवावं. पैसे द्यायच्या आधी ही परीक्षा घेतली तर कुणालाच वाईट वाटत नाही. चांगला कारागीर तर स्वतःच म्हणतो, साहेब, ओढून बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)