डोंगरमाथ्यावरचे कान

१२ एप्रिल १९३४ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. निरीक्षक ज्या लाकडी इमारतीत बसले होते, ती साखळदंडांनी खडकाला जखडलेली होती. हा विक्रम सहा दशकं टिकला. या विक्रमाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. पण शिखरावरची ती हवामान वेधशाळा उभी राहिली त्यात हौशी रेडिओचा वाटा किती होता, हे फारसं कोणी सांगत नाही. १९३२ मध्ये वेधशाळा सुरू करणाऱ्या चौघांपैकी जो डॉज हा परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, होता, तर अ‍ॅलेक्स मॅकेन्झी रेडिओ सांभाळायचा. पाच मीटरच्या हौशी पट्ट्यावर शिखराचा संपर्क बॉस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेशी होता. एवढ्या आखूड लहरींचा उपयोग फार तर नजरेच्या टप्प्यात, असं त्या काळी बहुतेक जण धरून चालत. इथे तर दोन ठिकाणांमध्ये सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर होतं.

उंचीची किंमत तिथे कळली. आणखी आखूड, दोन मीटरच्या हौशी पट्ट्यावरच्या लहरी तर जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. जमिनीवर उभ्या माणसाच्या हँडीचं, म्हणजे हातातल्या छोट्या रेडिओचं, रेडिओ-क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपतं. तीच अँटेना १,९१७ मीटरच्या माउंट वॉशिंग्टनवर नेली की क्षितिज सुमारे १८० किलोमीटरवर जातं. आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईसाठी हाच हिशेब मांडला तर आकडा १६५च्या पुढे जातो. दऱ्या आणि आडव्या आलेल्या डोंगररांगा यातून बराच भाग कापून घेतात, ते वेगळं. या उंचीचा फायदा रिपीटर घेतो. त्याचं काम सोपं वाटतं: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि ते त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत बोलायचं. माउंट वॉशिंग्टनवर आजही हॅम मंडळींचा असा रिपीटर आहे.

अवघड गोष्ट असते ती बोलता बोलता ऐकत राहणं. चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेशही पकडतो. शेजारी उभा ट्रान्समीटर ५० वॉट ओकत असतो, म्हणजे त्या संदेशाच्या सुमारे सहाशे कोटी कोटी पट शक्ती. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अंतर ६०० किलोहर्ट्झ, दोन मीटर पट्ट्यातल्या १४५ मेगाहर्ट्झच्या अर्धा टक्काही नाही. आणि बहुतेक ठिकाणी अँटेना दोघांत एकच असते. हा संसार चालतो तो ड्युप्लेक्सरच्या भरवशावर.

ड्युप्लेक्सर म्हणजे माणसाच्या कमरेपर्यंत येणाऱ्या, आतून चांदीचा मुलामा दिलेल्या चार किंवा सहा नळकांड्या. प्रत्येक नळकांडीत मधोमध सुमारे अर्ध्या मीटरचा दांडा असतो, पाव लहरीच्या लांबीचा. वरचा स्क्रू केसभर फिरवला की दांडा खाली-वर होतो आणि नळकांडीचा सूर बदलतो. नीट जुळवलेला संच नको असलेली शक्ती दहा कोटी ते शंभर कोटी पटींनी कमी करतो. उरलेलं काम रिसीव्हर स्वतः करतो. पण हा सूर हवामानावर हलतो. तापमान ४० अंशांनी घसरलं तर तांब्याचा दांडा हजारात पाऊण भागानेही आखडत नाही, तरी सूर जवळजवळ १०० किलोहर्ट्झने सरकतो. सहाशेतले शंभर गेले! म्हणून सूर जुळवणारा दांडा इन्व्हारचा करतात. निकेल आणि लोखंडाचा हा मिश्रधातू थंडी-उन्हाने फारसा हलत नाही. माउंट वॉशिंग्टनवर फेब्रुवारी २०२३ मध्ये तापमान उणे ४४ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं. अशा जागी धातूची निवड हाच सेवेचा कणा ठरतो.

बर्फाची तऱ्हा आणखी वेगळी. हे शिखर वर्षातला निम्म्याहून अधिक काळ ढगात असतं. ढगातले शून्याखालचे थेंब कशालाही टेकले की तिथेच गोठतात आणि वारा जिकडून येतो त्या दिशेने बर्फाचे पिसारे वाढत जातात. अँटेनेवर असा थर चढला की तिचा सूर बिघडतो, शक्ती उलटी फिरते. वजनाने आणि वाऱ्याने खांब वाकतो तो वेगळाच. जिथे वीज नाही अशा डोंगरांवर सौर पॅनेल जवळजवळ उभं लावतात, म्हणजे बर्फ घसरून पडतो आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊनही मिळतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी कडक थंडीत निम्म्याच्या आसपास क्षमतेवर येते. म्हणून सलग बोलण्यावर मर्यादा घालणारा टायमर असतो, अनेक ठिकाणी तीन मिनिटांचा. ५० वॉटचा ट्रान्समीटर चालू असताना बॅटरीतून सुमारे दहा अँपिअर ओढतो. गप्पिष्ट माणूस रिपीटरला अक्षरशः उपाशी मारू शकतो. एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याने लगेच बटण दाबू नये, क्षणभर थांबावं, ही शिस्त त्याहून मोलाची. त्या फटीतून संकटातला माणूस आत येऊ शकतो.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण पाऊस आणि वीज आहे. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी केबल आतून कुजवतं. खांबावरच्या गंजलेल्या नटबोल्टच्या जोडात लहरी मिसळतात आणि खरखर उठते. कारण शोधताना भलेभले थकतात. माझ्या मते मात्र खरा प्रश्न अर्थिंगचा आहे. मैदानात कोळसा-मिठाचा खड्डा करून काम भागतं. बेसॉल्टच्या उघड्या कातळावर माती कुठून आणायची? मग तांब्याच्या पट्ट्या कातळावर चहूबाजूंनी पसरायच्या आणि खांब, केबल, वीजपुरवठा, सगळं एकाच बिंदूला बांधायचं. त्यामुळे वीज पडली तरी सगळ्याचा विद्युतदाब एकत्र चढतो-उतरतो आणि यंत्र वाचण्याची शक्यता वाढते. हे काम दिसत नाही, त्याचं कौतुक होत नाही, आणि त्यात टाळाटाळ केली तर पहिल्याच वळवात रिपीटर जातो.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांची असते आणि आपत्तीत सगळे एकदम फोन लावतात. डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी अंदमानात होते. पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी रेडिओवरून निरोप पोहोचवले. ते काम लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर झालं, रिपीटरवर नाही. पण एखाद्या खोऱ्यात दरड कोसळून रस्ता आणि फोन दोन्ही बंद पडतात, तेव्हा गावागावातल्या लहान हँडींना जोडायला माथ्यावरचा रिपीटरच लागतो. आणि तो आधीपासून तिथे, चालू स्थितीत असावा लागतो.

हा खर्च हौशी मंडळीच उचलतात. अमेरिकेत हौशी रेडिओवरून पैसे कमावण्याला कायद्यानेच मनाई आहे. केबल, बॅटरी, डोंगर चढण्याचे कष्ट, सगळं हौसेने आणि पदरमोडीने. आपल्याकडे परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा वायरलेस विभाग देतो, आणि बारा वर्षं पूर्ण केलेल्या कोणालाही परीक्षा देता येते. प्रतिबंधित श्रेणीला मोर्सचीही अट नाही. घरात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना या परीक्षेला बसवा. जवळच्या हॅम क्लबचा रिपीटर कुठल्या डोंगरावर आहे ते विचारा, आणि पावसाळ्यापूर्वी ते केबलचे जोड तपासायला वर जातील तेव्हा त्यांच्यासोबत चढा. तिथे हात कमीच पडतात.