शिवणे : एक क्रियापद, दोन अर्थ

मराठीत 'शिवणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. सुईदोऱ्याने कापड जोडणे हा एक आणि स्पर्श करणे हा दुसरा. या दुसऱ्या अर्थातूनच 'शिवाशिव' हा शब्द आला. त्या शब्दाने आपल्या किती पिढ्यांचे जिणे नासवले हे या पानांच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शब्दकोश हे दोन अर्थ वेगवेगळे नोंदवतो. व्यवहारात मात्र ते एकमेकांना सोडत नाहीत, कारण माणसाच्या अंगाबरोबर बसणारा कपडा शिवायचा तर त्या अंगाला शिवावेच लागते. रायगड जिल्ह्यातील मांडवा आणि आसपासच्या गावांत घरी बसून हौसेने शिवणाऱ्या बौद्ध बाईचा दिवस आणि तिच्या मैत्रिणी यांचा विचार या एका गोष्टीच्या आधाराने करायचा आहे. ही बाई कोणी एक व्यक्ती नाही. अशा बायका वाडीवाडीत आहेत.

आधी कापडाविषयी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात खावे आणि प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. म्हणजे ज्याला नवे कापड बेतण्याचा अधिकारच नाही असा एक माणूस धर्मशास्त्राने निर्माण केला. पुढे मुंबईत गिरण्या आल्या. कोकणातला महार तेथे कामाला लागला. पण कापड विणण्याच्या खात्यात, जेथे पगार अधिक होता, तेथे त्याला मज्जाव होता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मेलेल्याचे वस्त्र नेसायचे, पण जिवंत माणसाचे कापड विणायचे नाही, असा हा न्याय होता.

त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातच, १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो तेथे, या न्यायाला आग लागली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची जात ओळखू येते ती पद्धत टाका, अंगभर कथलाचांदीचे दागिने घालू नका, कपडा फाटका असला तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. तेव्हापासून बायकांनी लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. यात नटण्याची गोष्ट नव्हती. अंगावरच्या कापडाने जात सांगण्याचे बंद करावे, एवढीच मागणी होती. घरी शिवणाऱ्या आजच्या बाईची वंशावळ आपण महाडपासून मोजली पाहिजे.

आता यंत्राविषयी. शिवणयंत्राबद्दल या देशातील दोन मोठ्या माणसांची मते पाहण्यासारखी आहेत. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून नवऱ्याने प्रेमाने केलेले यंत्र, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात यंत्रविरोधाचा मुळापासून समाचार घेतला. यंत्र माणसाला पशूसारख्या राबण्यातून सोडवते, त्याला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही, हा त्यांचा मुद्दा. एकाने यंत्र बायकोवरच्या मायेपोटी माफ केले. दुसऱ्याने ते माणसाचा हक्क म्हणून मागितले.

'हौस' या शब्दाचा विचार मला याच ठिकाणी करावासा वाटतो. दलित बाईच्या कष्टांवर आपण पुष्कळ लिहिले आहे आणि ते लिहिणे आवश्यकच होते. तिच्या हौसेवर मात्र फारसे लिहिले गेले नाही. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात आईचे बांबू विणणे साहित्यात आले. दारातल्या शिवणयंत्राची दखल आपण अजून तेवढी घेतलेली नाही. पायाने चालणारे यंत्र, उषाचे किंवा मेरिटचे, बहुधा हप्त्याने किंवा जुने घेतलेले, उजेडासाठी दाराशी ठेवलेले. सकाळी बंगल्यावरचे काम, मजुरी, चूल, पाणी. दुपारी जेवणे आटोपल्यावर दोन तास मिळतात, ते यंत्राचे. त्या दोन तासांत ती मुलीच्या फ्रॉकला चुन्या घालते, मंगळदास मार्केटातून कोणी आणलेल्या कटपिसातून बाही निघते का ते पाहते, पिशवी शिवते, उशीचा अभ्रा शिवते. कोणी सांगितलेले नसताना काजाच्या कडेला रंगीत दोरा घालते. घरातले लोक याला 'वेळ घालवणे' म्हणतात. तिच्या आजीपाशी घालवायला वेळच नव्हता, हे ते विसरतात.

कामाला हंगाम असतात. गौरी-गणपतीच्या आधी ब्लाउजांचा ढीग पडतो. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेची घाई असते. १४ एप्रिलच्या आधी आणि बुद्धपौर्णिमेला वाडीत पांढऱ्या साड्यांना फॉल लावण्याचे काम निघते. हा पांढरा रंगही शिकावा लागला. रूढीने तो विधवेचा ठरवलेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले तेव्हापासून तो आपल्या सणाचा आणि लग्नाचा झाला. पांढऱ्यावर वाकडी टीप लपत नाही, म्हणून शिवणारीचा हात या कामात सुधारतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोठी रो-रो बोट येते, तरी अस्तर, हूक, दोरा यांसाठी अलिबागचीच वाट धरावी लागते. एका बाईने आणायचे आणि चौघींनी वाटून घ्यायचे, अशी सोय होते. मैत्री बहुतेक वेळा अशीच, दोऱ्याच्या रिळावरून सुरू होते.

या मैत्रीची परीक्षा कोठे होते हे कळण्यासाठी ब्लाउज कसा शिवतात ते थोडे पाहिले पाहिजे. जुनी खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची असे. गाठ सैल-घट्ट करता येई, त्यामुळे तिला काटेकोर माप लागत नसे. हुकांचा ब्लाउज आला आणि माप आले. उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा अशी मापे घ्यावी लागतात. छातीचे माप घेताना टेप पाठीमागून फिरवून पुढे आणावी लागते. मुंढ्याचे माप काखेतून जाते. शिवणारी आणि शिवून घेणारी यांच्यात त्या वेळी वीतभरही अंतर राहत नाही.

हे टाळण्याची एक युक्ती आहे. तिचे नाव नमुना. "माप राहू दे, हा जुना ब्लाउज ठेव, याच्यावरून शीव." नमुना ही सर्वांचीच सोय आहे हे मान्य केले पाहिजे; घाईच्या दिवसांत मैत्रिणीही नमुना टाकून जातात. पण गावातील ठराविक घरांतूनच नेहमी नमुना येत असेल, तो मुलाच्या हाती पिशवीतून येत असेल, पैसे ओट्यावर ठेवले जात असतील आणि शिवलेला ब्लाउज घालून पाहण्याची वेळ शिवणारीच्या घरात कधीच येत नसेल, तर ती सोय कोणाची आहे याचा विचार करावा लागतो. उलट दिशेनेही हेच घडत आले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरा राज्यांतील ५६५ गावांच्या अस्पृश्यतेच्या पाहणीत दलितांना नाकारल्या जाणाऱ्या सेवांमध्ये न्हावी आणि परीट यांच्याबरोबर शिंपीही येतो. पाणवठा आणि देऊळ यांवर आपण लढलो. टेप कोणाच्या अंगाला लागते आणि कोणाच्या लागत नाही, हा प्रश्न घराच्या आत राहिला.

गंमत अशी की या युक्तीला शिवणकलेनेच खिंडार पाडले. जुना ब्लाउज जुनेच अंग सांगतो. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वय वाढल्यावर नमुना खोटा पडतो. धुऊन धुऊन तो ताणलेला असतो, तो वेगळाच. साधा ब्लाउज नमुन्यावर निभावून जाई. अस्तराचा, कटोरीचा, खोल गळ्याचा ब्लाउज निभावत नाही. त्याला टेपच लागते. ज्या बाईला लेकीच्या लग्नात ब्लाउज अंगाबरोबर हवा आहे तिला शेवटी वाडीत यावे लागते, चप्पल काढून आत यावे लागते आणि हात वर करून उभे राहावे लागते. "ए मशीनवाली" म्हणणारी "ताई, जरा सैल ठेवा हां" म्हणू लागते. पाणी विचारले जाते. ते घेतले जाते की 'आत्ताच चहा झाला' म्हणून टाळले जाते, ही पुढची पायरी.

शिवणारीच्या भाषेत शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. ब्लाउज घट्ट झाला तर टीप उसवून माया सोडता येते. जी बाई पुन्हा आपल्याकडेच येणार आहे तिच्यासाठी शिवणारी जास्त माया ठेवते. दोघींत काय चालले आहे ते शिवण उलटी करून पाहिल्यास कळते.

पण एवढ्यावरून जात गेली असे समजणारा कार्यकर्ता फसेल. परंपरा अशी आहे की मंगळवेढ्याला गावकुस कोसळून चोखोबा गेला तेव्हा त्याची हाडे गोळा करून पंढरपूरला आणली ती नामदेवाने. नामदेव शिंपी. शिवणाऱ्याने शिवायला नको म्हटलेल्याला मरणानंतर उचलले, ही मैत्री लहान नाही. तरीही चोख्याची समाधी महाद्वाराबाहेर राहिली आणि देवळाचे दार दलितांना उघडायला साने गुरुजींच्या उपोषणानंतरचे १९४७ साल यावे लागले. मैत्रीने हाडे उचलली. दार उघडायला चळवळ लागली. मांडव्यातल्या दोन मैत्रिणींनाही हाच नियम लागू आहे. ब्लाउज शिवून घेणारी बाई गोड बोलेल, डब्यातून गोडधोड पाठवेल. पण तिच्या घरच्या लग्नात शिवणारी कोणत्या पंगतीला बसते, हे त्या दोघींच्या प्रेमावर ठरत नाही.

अमेरिकेतील काळ्यांच्या अनुभवाशी आपण नाते सांगत आलो आहोत. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. त्या अनुभवातील शिवण आपण कमी पाहिली. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत. दक्षिणेतील अनेक दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला कपडा घालून पाहण्याची बंदी होती. काळ्या बाईने शिवलेले चाले, काळ्या बाईने घालून पाहिलेले चालत नसे. नमुन्याची युक्ती आपल्यापुरती नाही.

मांडवा हे बोटीच्या धक्क्याचे गाव असल्यामुळे दुसरे उदाहरण येथे मुद्दाम सांगतो. अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तेथील बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी लोक नदी ओलांडून कॅम्डेनला जाऊ लागले तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांची बोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. या मधल्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागातील बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढून गोधड्या विकल्या. पुढे २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या.

आपल्या बायकाही गोधड्या शिवतात. उन्हाळ्यात ओट्यावर जुने लुगडे अंथरून, चार कोपऱ्यांना चौघी बसून, धावदोरा घालत मधोमध येतात. या चौघींत वाडीबाहेरची एखादी असते का, हे मी नेहमी पाहतो. कारण गोधडीत प्रत्येकीच्या घरचे जुने कापड जाते आणि नंतर ती अंगावर घेतली जाते. एकीचे जुनेर दुसरीने पांघरणे याला मोठा विश्वास लागतो. उतरलेले कापड वरून खाली देणे ही गावाची रीत होतीच. मनूचा दंडक तोच. गोधडीत ते देणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? गावात अस्पृश्यता उरली आहे का असे विचारले की 'आता तसे काही नाही' हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी शिवणाऱ्या बाईला विचारावे : माप कोणाचे घेतेस, नमुना कोणाचा येतो, घालून कोण पाहते, पाणी कोण पिते? गावाची खरी पाहणी तिच्या वहीत आहे. त्या वहीत छाती, कंबर, मुंढा यांचे आकडे असतात आणि काही नावांपुढे फक्त 'नमुना' असा शब्द असतो. दुसरे असे की शिवणवर्ग काढताना मुलींना केवळ टीप मारायला शिकवू नये. कापड बेतायला शिकवावे, कातर त्यांच्या हातात द्यावी. टीप दुसऱ्याने आखलेल्या रेघेवरून जाते. रेघ आखणे हे वेगळे शिक्षण आहे. आणि तिसरे, तिच्या हौसेला कमी लेखू नये. दुपारचे ते दोन तास तिला कोणी दिलेले नाहीत. त्यांच्यामागे महाडचा डिसेंबर आहे.